डावीकडचे टायर आतूनच का झिजत होते? एका टॅक्सीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी चार वर्षांची, पेट्रोलवरची, पिवळ्या पाटीची सेडान. मालक आणि ड्रायव्हर एकच, अंबड तालुक्यातले, चाळिशीच्या आसपासचे. त्यांचं नाव, गाडीचं मॉडेल आणि गॅरेजांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. भाडी ठरलेली: अंबड-जालना जवळजवळ रोज, आठवड्यातून एक-दोनदा छत्रपती संभाजीनगरचे दवाखाने नाहीतर चिकलठाण्याचं विमानतळ, आणि लग्नसराईत मिळेल ते. मीटर एक लाख दहा हजारांपर्यंत आलेलं.

रस्त्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आजाराचं मूळ तिथेच सापडलं. या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. रस्ता वर-खाली होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे साईडपट्टी खचते आणि डांबराची किंवा काँक्रिटची कड वीतभर उघडी पडते. त्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा हा पट्टा उसाचा. गाळप हंगामात रात्रभर ट्रॅक्टर चालतात, एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागचा दिवा असला तर असला. समोरून असं धूड आलं की लहान गाडीला खाली उतरण्यावाचून इलाज नसतो.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. गाडी शेवटी ज्या गॅरेजात आली, ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. पुढे त्याला नुसतं 'मिस्त्री' म्हणतो.

तक्रार

"सर, गाडी टायर खायलीय. अन् तेही डावीकडचेच," असा मिस्त्रीचा फोन आला.

चारही टायर एकदमच नवे घातलेले. या मालकांना एरवी एका सेटवर चाळीस हजारांच्या वर किलोमीटर सहज मिळत. या वेळी बावीस हजारांतच पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजून खुणेच्याही खाली गेली होती. मागचा डावाही आतूनच उतरलेला. उजवीकडच्या दोघांना असं काही नाही.

तोवर बराच खर्च होऊन गेला होता. वेगवेगळ्या दुकानांत तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं, झालेली आणि तिन्ही वेळा "आता ओके" म्हणून गाडी परत मिळालेली. मागून घूं-घूं आवाज येतो म्हणून मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, आवाज होता तसाच राहिला. शेवटच्या गॅरेजने मागच्या डाव्या रिमच्या आतल्या ओठावरचा ठोका दाखवला आणि सांगितलं, "मागचा ॲक्सल वाकलाय, अख्खा बीम बदलावा लागेल." बीम म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा. मजुरीसकट वीस हजारांच्या घरातला अंदाज. मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरला एक कुटुंब न्यायचं होतं आणि त्याचा ॲडव्हान्सही घेतलेला. वीस हजारांवर हो म्हणण्याआधी आणखी एकाला दाखवावं, म्हणून मालक इथे आले.

टायरची मापं

मिस्त्रीला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की गाडी मशीनवर चढवू नको, आधी टायर मोज. खोलीमापक नव्हता, तो शेजारच्या टायरच्या दुकानातून आणला. बाहेरची कड, मध्य, आतली कड अशी मिलिमीटरमधली मापं:

पुढचा डावा: ५.२, ४.१, १.३
मागचा डावा: ४.९, ३.६, २.२
पुढचा उजवा: ४.८, ३.९, ४.६
मागचा उजवा: ४.९, ३.७, ४.८

कारचा नवा टायर साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल नक्षीचा असतो. कायद्याने किमान १.६ लागते आणि खाचांमधल्या उंचवट्याची खूण त्याच मापावर असते.

या आकड्यांत दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि ते वेगळे करणं हाच निदानाचा निम्मा भाग. चारही टायरांचा मध्य बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलाय. ही जादा हवेची खूण. मालकांना विचारलं तर चारही चाकांत ४० पीएसआय. "तेवढी ठेवली की ॲव्हरेज मिळतं." दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, पूर्ण भार असेल तर मागे ३६. हा आजार सोपा आणि फुकटात बरा होणारा.

दुसरा फक्त डावीकडे. आतली कड का झिजते म्हटलं की दुकानात पहिलं उत्तर येतं, 'टो', म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ आहे की आत-बाहेर वळलेलं, तो कोन. टो चुकला की टायर खरंच वेगाने जातो. एका चाकाला पाव अंश चूक असली तरी ते चाक दर किलोमीटरला चारेक मीटर आडवं घासत जातं. पण टोची झीज दोन गोष्टींवरून ओळखू येते. एक तर ती पुढच्या दोन्ही टायरांवर वाटली जाते, कारण चालत्या गाडीत स्टिअरिंग आपोआप असं बसतं की दोन्ही चाकं चूक अर्धी-अर्धी घेतात. आणि दुसरं म्हणजे रबराच्या ठोकळ्यांना करवतीसारखी धार येते. तळवा बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत आणि आतून बाहेर फिरवला तर खरखरीत, किंवा उलट. मिस्त्रीने हात फिरवला. दोन्हीकडून गुळगुळीत. उजवा टायर तर शाबूतच. म्हणजे डावं चाक स्वतःच आत झुकलेलं असणार. संशय कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती झुकलंय त्या कोनावर. माथा आत झुकला की तो उणे.

मग मागच्या डाव्या टायरचं काय? बीम वाकल्याचा निष्कर्ष त्याच टायरवर उभा होता.

पहिला निर्णयाचा टप्पा: पुरावा जागेवर आहे का?

इथे मिस्त्रीने जो प्रश्न विचारला त्याला मी पूर्ण गुण देतो. "दादा, टायर कधी फिरवले होते का?"

फिरवले होते. मीटर एक लाखावर असताना पंक्चरवाल्याने चारही चाकं बदलून लावली होती. पुढची दोन सरळ मागे, मागची दोन डावी-उजवी अदलाबदल करून पुढे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ही पद्धत बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा, की आज मागे डावीकडे असलेला टायर रिमसकट आधी पुढे डावीकडे होता. तो पुढे झिजला आणि मग मागे गेला. त्याच्या जागी मागच्या उजवीकडचा धडधाकट टायर पुढे आला आणि तोही त्याच कोपऱ्यात आतून झिजला. कोपरा एकच, टायर दोन.

रिमवरचा ठोकाही मग पुढचाच ठरतो. त्यावर मालकांना आठवलं. जानेवारीत, रात्री घनसावंगीकडून येताना, दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंगावर आली म्हणून डावं चाक साईडपट्टीवर घातलं आणि परत वर घेताना कडेचा जोरात दणका बसला. टायर फुटला नाही म्हणून विषय तिथेच संपला. डावं चाक खालून वर येताना कड त्याच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात लागते. चाकाचा तळ बाहेर ढकलला जातो आणि माथा आत झुकतो. मापं तेच सांगत होती.

आवाजाचाही उलगडा झाला. मागे गेलेला टायर वाकडा झिजलेला, तो रस्त्यावर गुणगुणणारच. बेअरिंगचा आवाज असेल तर चालत्या गाडीत हलकंसं डावं-उजवं वळलं की भार पालटतो आणि आवाज वाढतो-कमी होतो. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. मालक म्हणाले, काँक्रिटवर मोठा, जुन्या डांबरावर बारीक. ही चाचणी आधी झाली असती तर बेअरिंगचे पैसे वाचले असते.

मशीनवर

आता अलाइनमेंट. मिस्त्रीकडे मशीन नाही, म्हणून तो गाडीबरोबर स्वतः जालन्यातल्या दुकानात गेला. तिथे जे घडलं ते या प्रकरणाचं मूळ आहे. पोऱ्याने सेन्सर लावले, टो हिरवा दाखवला आणि सेन्सर काढायला लागला. पडद्यावर डाव्या कॅम्बरचा चौकोन लाल होता. मिस्त्रीने बोट दाखवलं. उत्तर आलं, "या गाडीला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही. तो सोडून द्यायचा."

तिन्ही जुन्या अलाइनमेंटमध्ये हेच झालं असणार. ज्याला बोल्टच नाही ते बघायचं कशाला, असा हिशेब. मला हे उलटं वाटतं. टो रोजच्या धक्क्यांनी सरकतो, तो लाल असणं स्वाभाविक आहे. ज्या गाडीत कॅम्बरला ॲडजस्टमेंटच दिलेली नाही, तिथे तो मापाबाहेर गेला तर त्याचा एकच अर्थ होतो, काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. त्या चौकोनासाठीच तर मशीनवर चढायचं.

मिस्त्रीने पूर्ण माप घ्यायला लावलं. ब्रेक दाबून ठेवून चाकं डावीकडे-उजवीकडे वळवायची, म्हणजे कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि किंगपिन इन्क्लिनेशन मिळतं. वेळ जातो म्हणून एरवी हे कोणी करत नाही. आकडे असे आले (′ म्हणजे मिनिट, ६० मिनिटांचा एक अंश): उजवीकडे कॅम्बर उणे ०° २५′, किंगपिन १३° १०′. डावीकडे कॅम्बर उणे २° २०′, किंगपिन १३° ०५′. मागच्या दोन्ही चाकांचे कॅम्बर आणि टो कंपनीच्या मापात, एकमेकांशी जुळणारे. बीमचा प्रश्न संपला.

किंगपिन का लागतं ते सांगतो, कारण विद्यार्थी इथेच अडखळतात. स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकाचा स्प्रिंगसकट उभा शॉक ॲब्सॉर्बर. त्याचं वरचं बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा गोल सांधा) यांना जोडणारी रेघ म्हणजे चाक वळण्याचा अक्ष. ती रेघ समोरून पाहता किती आत कललीय ते किंगपिन इन्क्लिनेशन. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा हात) वाकला किंवा सबफ्रेम (तो हात जिला जोडलेला असतो ती चौकट) बाजूला सरकला, तर खालचा बॉल जॉइंट जागा सोडतो, म्हणून कॅम्बर आणि किंगपिन दोन्ही बदलतात. त्यांची बेरीज मात्र तीच राहते, एक जितकं वाढलं तितकं दुसरं घटतं. पण रेघ जागेवर आहे आणि फक्त चाक झुकलंय, असं असेल तर बेरीज बिघडते. इथे उजवीकडची बेरीज १२° ४५′, डावीकडची १०° ४५′. किंगपिन दोन्हीकडे जवळजवळ सारखं. म्हणजे लोअर आर्म आणि सबफ्रेम निर्दोष. उरले दोघे, स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो स्ट्रटला बोल्टने जोडलेला भाग).

गॅरेजात परत आल्यावर टायर आणि स्ट्रटची नळी यांच्यातली फट पाहिली. उजवीकडे बोट आरामात जात होतं, डावीकडे जात नव्हतं. वरचा नट ढिला करून स्ट्रटचा रॉड फिरवला. रॉड वाकलेला असता तर चाकाचा माथा आत-बाहेर झाला असता. तो हलला नाही. स्ट्रट उतरवून पट्टी लावली, तर नळी ब्रॅकेटच्या जरा वर वाकलेली, डोळ्यांनी जेमतेम दिसेल इतकी. नकल उजवीकडच्याशी ताडून पाहिला, तो सरळ होता.

समोर असलेले पर्याय

मालकांचा पहिला कल: दोन नवे टायर टाकायचे, टो करून घ्यायचा आणि नागपूर मारून यायचं. आतल्या कडेला दर हजार किलोमीटरला अर्धा मिलिमीटर जात होता. नवे टायर घातले असते तरी एका वर्षाच्या आत पुन्हा हाच खेळ. हा पर्याय हिशेबानेच बाद झाला.

दुसरा, कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोनपैकी एका बोल्टच्या जागी बारीक, फुगीर कडेचा बोल्ट घालतात आणि चाक हवं तेवढं सरळ करतात. हजारभरात काम. मिस्त्री याकडे झुकला होता आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आकडे हिरवे झाले असते, टायर वाचले असते. माझा विरोध दोन कारणांनी. नळी वाकलेली तशीच राहते, आतला पिस्टन एका बाजूने घासत राहतो, आज ना उद्या तेल गळणारच. आणि एकदा दणक्याने वाकलेला भाग पुढच्या दणक्याला किती टिकेल, याची खात्री कोणी द्यायची? प्रवासी नेणाऱ्या गाडीत हा जुगार नको. उत्पादनातल्या बारीकशा फरकासाठी किंवा खाली बसलेल्या स्प्रिंगांसाठी हा बोल्ट ठीक आहे, वाकलेला भाग लपवायला नाही.

तिसरा आपल्याकडचा देशी इलाज, प्रेसवर नाहीतर गॅस देऊन नळी सरळ करणं. तेल आणि दाबाखालचा वायू भरलेल्या नळीला आंच देणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. यावर चर्चाच केली नाही. भंगार बाजारातला जुना स्ट्रटही नको म्हटलं, कारण तोही एखाद्या ठोकलेल्या गाडीतूनच आलेला असतो.

राहिला नवा स्ट्रट. एक की दोन? वाकला एकच होता. पण उजव्यानेही लाखाच्या वर किलोमीटर खाल्ले होते. एका बाजूला नवा दमदार आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल, तर ब्रेक मारताना आणि खड्ड्यात दोन्ही चाकं वेगळी वागतात. उजवीकडे तेलाचा ओलावा दिसत होता, म्हणून जोडी बदलायची ठरली. ओलावा नसता तर मी मालकांच्या खिशाकडे बघून एकावर भागवलं असतं.

दुसरा निर्णयाचा टप्पा: नागपूर

स्ट्रट यायला चार-पाच दिवस लागणार होते आणि नागपूरचं भाडं त्याआधीचं. मालकांचा युक्तिवाद: "चढ नाही, खड्डे नाहीत, सरळ रस्ता. तेवढं एक भाडं करून येतो की."

सरळ रस्ता हाच त्यातला धोका. समृद्धीवर कारला १२० ची वेगमर्यादा आहे, काँक्रिट तापलेलं असतं आणि तासन्‌तास न थांबता, न वळता टायर तापत राहतो. दर दहा अंश तापमानवाढीला टायरची हवा साधारण दीड-दोन पीएसआयने चढते. आधीच ४० असलेला आणि कडेला १.३ मिलिमीटर उरलेला टायर घेऊन मे महिन्याच्या दुपारी सहा माणसांचं कुटुंब न्यायचं? पाच आसनांच्या गाडीत सहा, हा वेगळा विषय. मिस्त्रीने स्पष्ट सांगितलं, नेणार असाल तर तुमच्या जबाबदारीवर, मी गाडी जोडून देणार नाही. भाडं मालकांच्या मावसभावाने मोठी गाडी घेऊन केलं. मालक चार दिवस नाराज होते.

केलेलं काम

पुढचे दोन्ही स्ट्रट, वरचे माउंट आणि बेअरिंग बदलले. दहा हजारांच्या आत काम झालं, म्हणजे सांगितलेल्या बीमच्या निम्म्यात. स्ट्रट काढ-घाल केल्यावर टो बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंट पुन्हा केली: कॅम्बर डावीकडे उणे ०° ३५′, उजवीकडे उणे ०° ३०′, टो मापात, स्टिअरिंग सरळ.

टायर दोन नवे घेतले. एक नवा आणि एक न वापरलेली स्टेपनी अशी जोडी लावून एका टायरचे पैसे वाचवायची मालकांची सूचना होती. पण स्टेपनी वेगळ्या नक्षीची आणि चार वर्षांची, एकाच ॲक्सलवर दोन स्वभावाचे टायर नको म्हणून ती राहू दिली. मग वाद नवी जोडी कुठे लावायची यावर. आपल्याकडे नवे टायर पुढेच लावतात. मिस्त्रीने ते मागे लावले आणि उजवीकडची जुनी जोडी पुढे आणली. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

हवा ३३ वर आणली, सकाळी, गाडी थंड असताना. चालवून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये ३६-३७ दिसणारच. ती "जास्त झाली" म्हणून सोडायची नाही, हे मालकांना दोनदा समजावलं. नायट्रोजनचं विचारलं त्यांनी. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. महिन्याला दोनदा गेज लावणार असाल तर त्यावर वेगळे पैसे घालवायचं कारण नाही.

निकाल

पावसाळा संपता संपता, आठ हजार किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा मापाला आली. चारही टायरांत आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरक ०.३ मिलिमीटरच्या आत. मागचा आवाज टायर उतरवले त्या दिवशीच गेला होता. आणखी एक गोष्ट मालकांनी आपणहून सांगितली: ओव्हरटेक करताना गाडी उजवीकडे ओढायची, ते थांबलं.

वेगळं काय करता आलं असतं

ती ओढ फार आधी विचारायला हवी होती. कॅम्बर असमान असला की गाडी ज्या बाजूचा कॅम्बर कमी उणे असतो तिकडे ओढते, इथे उजवीकडे. पण आपले दुपदरी रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते. डाव्या बाजूने चालताना उतार गाडीला डावीकडे नेतो आणि दोन्ही ओढी एकमेकींना खाऊन टाकतात. गाडी सरळ चाललीय असं वाटतं. ओव्हरटेकसाठी मधला उंचवटा ओलांडला की उतार उजवीकडचा, मग ओढ दुप्पट जाणवते. मालकांना हे महिनोन्‌महिने जाणवत होतं, पण रस्ताच तसा म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. 'गाडी ओढते का' एवढंच विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येणार. 'ओव्हरटेकला काय होतं' असं विचारायला हवं.

दणका बसला त्याच आठवड्यात पूर्ण मापाची अलाइनमेंट करून घेतली असती, तर दोन टायर वाचले असते. विम्याकडेही तेव्हाच जाता आलं असतं. आदळल्याने वाकलेला भाग स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात येऊ शकतो, नुसती झीज येत नाही, आणि चार महिन्यांनी दोन्ही वेगळं करून दाखवणं अवघड. दावा न केल्याबद्दल मिळणारा बोनस जाणार म्हणून दावा परवडला नसता असंही मालक म्हणतात, ते हिशेबाने खरं असू शकेल.

टायर फिरवताना कुठला कुठे गेला, हे बिलाच्या मागे लिहून ठेवणं तर फुकटचं काम. मिस्त्री आता टायर फिरवण्याआधी चारही टायरांची तीन-तीन मापं घेतो आणि आतल्या बाजूला खडूने जुनी जागा लिहितो.

हवेचं मात्र पूर्ण जमलेलं नाही. या वेळी गेज लावला तेव्हा चारही चाकांत ३६ निघाली. ३३ वर ॲव्हरेज पडतं, अशी मालकांची तक्रार आहे. नव्या जोडीचा मधला पट्टा कडेपेक्षा किंचित जास्त उतरलाय, सध्या ०.२ ने. पुढच्या वेळी टायर फिरवताना तो आकडा पुन्हा बघायचा आहे.